चित्रं जिथली तिथे पाहताना: रावेन्ना, पादुआ, सिएना

मध्ययुगीन ख्रिस्ती कलेचा अभ्यास करायला इटलीत जाणार असाल, तर पहिला मुक्काम रावेन्नाला करा. बहुतेकजण फ्लॉरेन्सच्या मोठ्या संग्रहालयापासून सुरुवात करतात. तिथे या प्रतिमा ओळीने टांगलेल्या असतात, आणि मग आपण शैली बघत बसतो, कोण कोणाच्या पुढे गेला ते मोजत बसतो. पण त्या घडवल्या गेल्या तेव्हा त्यांच्यावर कामं सोपवलेली होती. गोष्ट आठवून द्यायची, प्रार्थना पोहोचवायची, राज्य कोणाचं ते सांगायचं. हे काम कळायला जागा लागते.

रावेन्नाच्या सांत आपोलिनारे नुओवो या चर्चमध्ये तर ते भिंतीवर उघडंच दिसतं. ऑस्ट्रोगॉथ या जर्मानिक टोळीचा राजा थिओडोरिक याने ते बांधलं. तो एरियन पंथाचा होता, म्हणजे पुत्र (ख्रिस्त) पित्याच्या (देवाच्या) बरोबरीचा नाही असं मानणारा. 540 मध्ये बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, फौजांनी शहर घेतलं आणि नंतर हे चर्च कॅथलिकांकडे गेलं. आत गेल्यावर उजव्या भिंतीवर, दाराकडच्या टोकाला राजवाड्याचं मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र, आहे. कमानींखाली राजा आणि दरबारी उभे होते. नव्या धन्यांनी ते काढून तिथे मोझेइकचेच पांढरे पडदे बसवले. दुर्बीण लावून खांब नीट पाहा: काही खांबांवर हात आणि बोटं तशीच राहिली आहेत. माणसं गेली, हात राहिले. नावडत्या राजाचं नुसतं चित्रसुद्धा भिंतीवर ठेवणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्या लेखी प्रतिमा म्हणजे सजावट नव्हती, हे इथे एका नजरेत कळतं. त्याच भिंतीवर हुतात्म्यांची मिरवणूक ख्रिस्ताकडे निघाली आहे, समोरच्या भिंतीवर कुमारिकांची मरियेकडे, म्हणजे ख्रिस्ताच्या आईकडे. वेदीकडे चालत जा, म्हणजे दोन्ही मिरवणुका तुमच्या सोबत चालतात. उभं राहून पाहिलं तर हे साधत नाही.

सान व्हिताले हे चर्च (547) आणि रोमन सम्राज्ञी गाला प्लासिदियाच्या नावाची समाधी एकाच आवारात आहेत. पाच वास्तूंचं एकत्रित तिकीट मिळतं. समाधी आणि निओनियन बाप्तिस्मागृहासाठी वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. समाधीच्या खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाचे पातळ तुकडे आहेत, त्यामुळे आत उजेड अगदी कमी. डोळे सरावायला दोन मिनिटं द्या, मग छतावरचे तारे उमटू लागतात. बोलोन्याहून रेल्वेने साधारण सव्वा-दीड तासात रावेन्नाला पोहोचता येतं.

पादुआत स्क्रोव्हेन्यी चॅपेल, म्हणजे त्या घराण्याचं छोटं प्रार्थनामंदिर. इथे आरक्षणाशिवाय जाऊ नका, आणि दिलेल्या वेळेच्या बरेच आधी पोहोचा. आधी पंधरा मिनिटं एका काचेच्या खोलीत बसवतात, कारण आतली हवा आणि आर्द्रता सांभाळायची असते. मग आत साधारण पंधराच मिनिटं. चित्रकार जोत्तोने 1305 च्या सुमारास पूर्ण केलेल्या, मरिया आणि ख्रिस्ताची कथा सांगणाऱ्या या भित्तिचित्रमालिकेला एवढा वेळ अपुरा आहे, म्हणून क्रम पाठ करून जा. वेदीकडे तोंड करून उभे राहिलात की उजव्या भिंतीची सर्वांत वरची ओळ, वेदीजवळून सुरू. तिथून कथा दाराकडे जाते, समोरच्या भिंतीवरून वेदीकडे परतते आणि मग एक ओळ खाली उतरते. पहिल्या चित्रांतले योआकिम आणि अ‍ॅना, म्हणजे मरियेचे आईवडील, बायबलमध्ये नाहीतच. ते बायबलबाहेरच्या परंपरेतून आले. मत्तय आणि लूक यांची शुभवर्तमानं आणि ही एक कथा आधी वाचलीत, तर पंधरा मिनिटं पुरतील.

यावरून एक जुना वाद आठवतो. 600 च्या सुमारास मार्सेयच्या बिशपने आपल्या चर्चमधल्या प्रतिमा फोडल्या, कारण लोक त्यांना पुजू लागले होते. पोप ग्रेगरीने त्याला कळवलं की पूजा थांबवलीस ते योग्य, फोडणं अयोग्य. ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवर वाचतात. हा युक्तिवाद पुढे शतकानुशतकं वापरला गेला. मला तो अर्धाच पटतो. चित्रकथीची पोथी निवेदकाशिवाय मुकी असते, तशीच ही भिंत. ज्याने गोष्ट ऐकलेलीच नाही, त्याला चुंबन घेऊन येशूला धरून देणारा यहूदा हा एक पिवळ्या झग्यातला माणूस एवढाच दिसेल. प्रवचन कानांवर पडलेल्यांना ही चित्रं आठवण करून देत होती.

आणि दाता? चॅपेल बांधवणाऱ्या एन्रिको स्क्रोव्हेन्यीच्या बापाचं नाव सावकारीसाठी बदनाम होतं. कवी दांतेने आपल्या काव्यात नरकात बसवलेल्या एका सावकाराच्या गळ्यातल्या थैलीवर याच घराण्याचं चिन्ह आहे. बापाच्या पापाचं परिमार्जन म्हणून हे चॅपेल बांधलं, असं मानलं जातं. दाराच्या भिंतीवर अंतिम न्यायाचं चित्र आहे. त्यात एन्रिको मरियेला चॅपेलची प्रतिकृती अर्पण करतो, आणि त्याच भिंतीवर नरकात थैल्यांच्या दोऱ्यांनी लटकलेले लोक आहेत. शेवटची तीन मिनिटं याच भिंतीला द्या. इथला जोत्तोचा क्रूस आता शेजारच्या संग्रहालयात आहे, तो चुकवू नका.

त्याच दिवशी संत अँथनीच्या बॅसिलिकेत जा. तिथे समाधीच्या दगडावर तळहात टेकून लोक उभे असतात, आप्तांचे फोटो ठेवतात. अभ्यासक म्हणून तिथे कडेला उभं राहावं, फोटो काढू नयेत. स्पर्शाची ही भूक पाहिली की मध्ययुगाबद्दल वाचलेलं बरंच काही जागेवर बसतं.

सामानात हलकी दुर्बीण हवीच. नाणीही जवळ ठेवा: इटलीतल्या कित्येक चर्चमध्ये पेटीत युरोची नाणी टाकल्यावरच चित्रावरचा दिवा लागतो. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. दुपारी बरीच चर्च बंद असतात, तो वेळ टिपणं लिहायला ठेवा.

सिएनाला फ्लॉरेन्सहून बसने जा. रेल्वे स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे, बस जुन्या गावाच्या जवळ सोडते. चित्रकार दुच्चोची ‘माएस्ता’, म्हणजे सिंहासनावरच्या मरियेचा दोन्ही बाजूंनी रंगवलेला वेदीफलक, 9 जून 1311 रोजी कार्यशाळेतून कॅथेड्रलपर्यंत वाजतगाजत नेली गेली. तळाशी लॅटिन ओळ आहे: देवमाते, सिएनाला शांती दे, आणि तुला असं रंगवणाऱ्या दुच्चोला आयुष्य दे. 1771 मध्ये हा फलक कापून वेगळा केला गेला आणि काही भाग परदेशी गेले. उरलेलं आता कॅथेड्रलच्या संग्रहालयात आहे, पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी मांडलेली. पुढची बाजू समोर जमलेल्या भाविकांसाठी होती. मागे ख्रिस्ताच्या यातनांची बारीक चित्रं, जवळ जाऊ शकणाऱ्या धर्मगुरूंसाठी. आधी संग्रहालय पाहा, मग कॅथेड्रलमध्ये जाऊन घुमटाखाली उभे राहा, मुख्य वेदी तेव्हा तिथे होती. दोन्हींसाठी एकत्रित पास मिळतो, तोच घ्या.