माझा अनुभव : फाशीच्या कैद्याची कागदपत्रे मिळवताना

ज्या कैद्यासाठी आम्ही काही जण धडपडत आहोत, त्याचे नाव, गाव आणि खटल्याचा तपशील मी येथे देणार नाही, कारण त्याची पुनर्विलोकन याचिका, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल पुन्हा तपासावा अशी विनंती, अजून प्रलंबित आहे. एवढे सांगते की तो भटक्या जमातीतला आहे, त्याला खालपासून वरपर्यंत तिन्ही न्यायालयांनी फाशी कायम केली, आणि तो गुन्हा त्यानेच केला याबद्दल आम्हाला गंभीर शंका आहे. ही शंका कागदावर आणण्यासाठी जे कागद लागत होते ते मिळवताना आलेला अनुभव लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण या कामात नव्याने उतरणाऱ्यांचीही वाट नेमकी तेथेच अडणार आहे.

मी या कामाकडे वळले ती नाशिकच्या खटल्याच्या निकालामुळे. २००३ साली एका घरात पाच जणांचे खून झाले आणि त्यासाठी भटक्या जमातीतील सहा जणांना शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. तोच निकाल त्याच न्यायालयाने पुढे मागे घेतला, अपिले नव्याने ऐकली आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने गुन्ह्यानंतर लगेचच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या, त्यांचा तपास झालाच नाही, आणि हा जबाब खटल्यात बाजूला राहिला. सोळा वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसांचे प्राण शेवटी एका जुन्या जबाबाच्या कागदावर अवलंबून होते, ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही.

आमच्या मोहिमेतील सभा, सह्या आणि निवेदने यांत फारसा अडथळा आला नाही. सभेत हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘मेलेल्यांच्या घरच्यांचे काय?’ हा प्रश्न टाळू नये. खरा गुन्हेगार मोकळा फिरत असेल तर त्या घरालाही न्याय मिळालेला नसतो, हे मी तेव्हाही मनापासून सांगितले आणि आजही सांगते.

अडले ते जिल्हा न्यायालयाच्या नक्कल शाखेत, म्हणजे खटल्यातील कागदांच्या प्रती जेथून मिळतात तेथे. त्या न्यायालयाचे नाव मी घेत नाही. आम्हाला दोनच गोष्टी हव्या होत्या : मुख्य साक्षीदाराचा पोलिसांपुढचा पहिला जबाब आणि ओळख परेडचा (साक्षीदाराला रांगेतून आरोपी ओळखायला लावतात त्याचा) पंचनामा. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज लिहिला, कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि खिडकीत दिला, तर तो परत आला, कारण त्यात निशाणी क्रमांक, म्हणजे खटल्यातील कागदाला न्यायालयाने दिलेला क्रमांक, नव्हता. निशाणी क्रमांक रोजनाम्यातून (खटल्यात प्रत्येक तारखेला काय झाले याच्या न्यायालयीन नोंदीतून) कळतो आणि रोजनाम्याच्या नकलेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो केला, तेव्हा विचारणा झाली की तुमचा या प्रकरणाशी संबंध काय. तिऱ्हाईताने प्रत मागितली तर कारण देणारे प्रतिज्ञापत्र लागते, हे नियमाला धरून आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. कैद्याच्या भावाच्या नावाने अर्ज करावा म्हटले, तर त्याच्या ओळखपत्रावरचे आडनाव आणि निकालपत्रातले आडनाव जुळत नव्हते. पालावर वाढलेल्या माणसाच्या कागदांवर आडनावे जुळतील ही अपेक्षाच चुकीची आहे, पण खिडकीपलीकडे ते ऐकून घेणारे कोणी नव्हते.

त्यानंतर उत्तर मिळाले की रेकॉर्ड येथे नाहीच, ते ‘वर’ गेले आहे. सत्र न्यायालयाने फाशी दिली की ती कायम करण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावेच लागते आणि त्यासोबत मूळ कागदपत्रेही जातात, म्हणून हे उत्तर पटण्यासारखे होते. उच्च न्यायालयात चौकशी केली, तर निकालानंतर रेकॉर्ड जिल्ह्याला परत पाठवल्याचे सांगण्यात आले. जिल्ह्यात आवक नोंदवही पाहायला मागितली, तर ती दाखवता येत नाही असे उत्तर आले. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला, तोही फेटाळला गेला, कारण न्यायालयीन कागदांच्या प्रती न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच घ्यायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. (तो अधिकार निरुपयोगी आहे असे मात्र नाही. दयेचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे तुरुंगाला किंवा गृह विभागाला विचारताना, माहिती जीविताशी निगडित असल्यामुळे ती ४८ तासांत मिळावी, असे कलम ७(१) चा उल्लेख करून अर्जातच लिहावे. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो.)

या साऱ्यात मला सर्वांत जास्त जिव्हारी लागले ते एका कर्मचाऱ्याचे वाक्य. ‘मॅडम, अपील संपलं, आता नक्कल घेऊन काय करणार?’ तो माणूस उर्मट नव्हता, त्याला खरोखरच तसे वाटत होते. पण अपील संपल्यावरच तर पुनर्विलोकन याचिका, राज्यपालांकडचा आणि राष्ट्रपतींकडचा दयेचा अर्ज हे सारे उरते, आणि त्या प्रत्येकासाठी मुदत चालू असते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर दयेच्या अर्जासाठी, अपील फेटाळल्याचे तुरुंग अधीक्षकांनी कैद्याला कळवल्यापासून ३० दिवसच दिले आहेत. माणसाला मारण्याची तारीख ठरू शकते, पण त्याच्या खटल्याची फाइल कोणत्या कपाटात आहे हे मात्र कोणी सांगू शकत नाही, याची चीड मला अजूनही येते.

मार्ग निघाला तो तुरुंगातून. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात पंधरा कैद्यांची फाशी रद्द झाली हे बहुतेकांना ठाऊक असते, पण त्यातील मार्गदर्शक सूचना फार थोडे जण वाचतात. फाशीचे बहुतेक कैदी अत्यंत गरीब असतात आणि त्यांच्याजवळ खटल्याचे कागद नसतात, म्हणून तुरुंग प्रशासनाने संबंधित कागदपत्रांच्या प्रती कैद्याला आठवड्याच्या आत द्याव्यात, असे त्यात म्हटले आहे. आमच्या वकील ताईंनी त्या सूचनेचा उतारा जोडून कैद्याच्या अंगठ्यानिशी अधीक्षकांच्या नावे अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. तुरुंगातून जावक क्रमांकाचे पत्र न्यायालयात गेले, आणि जे रेकॉर्ड ‘वर’ होते ते तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये सापडले. कैद्याच्या आईला फोन केला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, ‘कागदात काय लिवलंय, बाई?’

कागदात लिहिले होते की अंधार होता, मारेकऱ्यांनी तोंडाला फडकी बांधली होती आणि साक्षीदाराने कोणाचाही चेहरा पाहिला नव्हता. त्याच साक्षीदाराने न्यायालयात बोट दाखवून आमच्या माणसाला ओळखले होते, आणि सरकारकडून ऐनवेळी नेमलेल्या वकिलाने उलटतपासणीत या जबाबाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. ते पान हातात आले त्या दिवशी मला खूप समाधान वाटले आणि त्याहून जास्त राग आला.

काही गोष्टी जसजशा आठवतील तशा सांगते. वकालतनाम्यावरील (वकिलाला आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार देणाऱ्या कागदावरील) कैद्याची सही किंवा अंगठा तुरुंग अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावा लागतो, म्हणून मुलाखतीला जाताना वकिलांनी कोऱ्या वकालतनाम्यांच्या जास्तीच्या प्रती न्याव्यात. प्रत्येक कागदाची पोच आणि तारीख जपून ठेवावी, कारण पुढे विलंब हाच मुद्दा ठरू शकतो. पुण्यातील २००७ च्या एका खटल्यात दयेचे अर्ज आणि फाशीचे वॉरंट यांना झालेल्या विलंबामुळे उच्च न्यायालयाने २०१९ साली दोघांची फाशी रद्द केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवताना दयेच्या अर्जांसाठी राज्यांनी स्वतंत्र कक्ष नेमावा असे सांगितले. फाशीच्या प्रकरणातील पुनर्विलोकन याचिका २०१४ पासून खुल्या न्यायालयात, निदान तीन न्यायमूर्तींपुढे ऐकली जाते, त्यामुळे तिला केवळ उपचार समजून घाईने लिहू नये.

आमच्या याचिकेची तारीख अजून लागलेली नाही. जबाबाच्या प्रतींचा एक संच आम्ही कैद्याकडे, तुरुंगातच ठेवला आहे. मधल्या काळात आणखी एका कैद्याच्या कुटुंबाने आमच्याकडे धाव घेतली, आणि त्याचा कागदपत्रांसाठीचा अर्ज आम्ही पहिल्या दिवशीच तुरुंग अधीक्षकांमार्फत दिला आहे.