तयार डबा की जोडलेला?

विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद होणार होते, आणि माझ्या सेवा केंद्रातला 2014 चा, चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा कॉम्प्युटर विंडोज 11 च्या यादीतच नव्हता. मे महिना चालू होता. खरिपाची गर्दी लागायच्या आत नवीन मशीन पाहिजे होतं.

बाबा म्हणाले, "अबे, तयार डबा भेटते तं जोडत काहून बसतं?"

तयार डबा 42 हजारांचा. मी पावतीबुकाच्या मागं हिशेब मांडला: रायझन 5 5600जी प्रोसेसर 11,200, त्याचा बी550 मदरबोर्ड 7,400, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम 3,400 (ग्राफिक्स कार्ड नसलं की पडद्यावरच्या चित्रासाठी प्रोसेसर रॅमच वापरतो, आणि दोन असल्या की वेग वाढतो, म्हणून दोन), एसएसडी (साठवणीची डिस्क) 3,300, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारी पेटी) 3,900, कॅबिनेट 2,300. झाले 31,500. खूश झालो. मग आठवलं, तयार डब्यात विंडोज आतच असतं. वेगळं लायसन दहा हजारांच्या घरात. "टाकून देतो न भाऊ, कोन पाह्यते," दुकानदार म्हणाला. पण ज्या मशीनवर गावाचे आधार नि बँकेचे अंगठे लागतात, तिथं चोरीचं विंडोज मला नको होतं. म्हणजे बचत गेली पाण्यात.

माझा बोर्ड एएम4 चा, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जुन्या खाचेचा. दुकानदार नवीन खाचेचा एएम5 घ्या म्हणत होता, पुढं प्रोसेसर बदलता येते. त्याला नवीन डीडीआर5 रॅमच लागते; नऊ हजार वाढत होते. जुन्या मशीनचा प्रोसेसर मी अकरा वर्षांत एकदाही बदलला नाही. सातबारा काढायला एएम4 पुरे.

तरी जोडलाच, कारण 2016 चा जुलै. पंतप्रधान पीक विम्याचा पहिलाच खरीप, आणि आमच्या तयार डब्याचा एसएमपीएस उडाला. त्याचा आकार वेगळा, प्लग वेगळा, अमरावतीत कुठंच मिळेना. वॉरंटीत 'घरी येऊन दुरुस्ती' लिहिलं होतं. माणूस सतरा दिवसांनी आला. तोवर माझं गिऱ्हाईक दर्यापूरला जाऊन रांगेत उभं.

यंदा जुलैत वीज कडाडली, लाइन गेली, आली, आणि नवा एसएमपीएसही गेला. यूपीएसची बॅटरी बदलायची मीच टाळत होतो. सकाळची पहिली एसटी धरली, जळका वॉरंटीत जमा केला, वाट न पाहता दुसरा विकत घेतला, दुपारी तीनला अर्ज भरणं सुरू. महिन्याभरानं वॉरंटीचाही आला.

तो कपाटावर ठेवला आहे. बाबा येता-जाता म्हणतात, "एक डबा अन् दोन एसएमपीएस. लय वाचवले बापा!"