मोतीचं पाणी

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो आणि आमचा मोती पाण्याची वाटी पंजाने उलथवून त्या ओलीत लोळतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांतून. बाकी अंग धापा टाकूनच थंड होतं, त्यात पाणी खर्चतं. म्हणून दुपारी त्याचं भांडं रिकामं राहिलेलं मला अजिबात खपत नाही.

स्टीलची वाटी हलकी, वर खणखण वाजते, त्याला तेच आवडतं. आता निंबाखाली विटांच्या चौकटीत घमेलं घट्ट बसवलंय. आई म्हणते, गुरांसारखी सिमेंटची कुंडी आण. पण ती रोज उचलून घासणार कोण? शेवाळ धरतं.

पंजे बुडवायला जुनी परात वेगळी ठेवलीय. त्याला रागावू नका, उकाड्यात पाय ओले करावेसे वाटणारच. सकाळी उन्हाआधी तापीकाठी पळवून आणलं की घमेल्याशी झटापटही कमी होते.