कानवाला गेला

२०१५ सालच्या २७ फेब्रुवारीची गोष्ट. सकाळपासून फोन मराठी भाषा दिनाच्या शुभेच्छांनी नुसता ठणाणत होता. कुसुमाग्रजांचा फोटो, खाली त्यांच्या ओळी, त्या ओळींत ऱ्हस्व-दीर्घाचा चिवडा. रात्री अकराच्या सुमारास आमच्या पाचजणांच्या ग्रुपवर एकच वाक्य येऊन पडलं. ‘कानवाला गेला.’

‘अरे देवा’ हे मी जरा मोठ्यानेच म्हणालो असणार. बायको दुधाला विरजण लावत होती, ती हातात चमचा धरून बाहेर आली.

‘कोण गेलं?’

‘लिओनार्ड निमॉय.’

‘तुमच्या ऑफिसातले?’

‘नाही गं. स्पॉक. स्टार ट्रेकमधला.’

‘वय काय होतं?’

‘त्र्याऐंशी.’

‘मग सोनंच झालं की,’ म्हणून ती विरजणाकडे वळली.

तिचं काही चुकलं नाही. गेल्याची बातमी आली की आपण आधी नातं विचारतो, मग वय, आणि या दोन उत्तरांवर किती दुःख करायचं ते ठरवतो. निमॉय दोन्हीत नापास. नातं शून्य, वय भरपूर. तरी मी पलंगावर बसून छताकडे बघत होतो, आणि आपण नक्की कुणासाठी हळहळतोय हे मलाच नीट सांगता येत नव्हतं.

‘कानवाला’ हे नाव आमच्या चाळीतलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दूरदर्शनने रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लावलं, अंतराळयानातून ग्रहाग्रहांवर फिरणाऱ्यांची मालिका. त्यातला टोकदार कानांचा परग्रहवासी स्पॉक म्हणजे आमचा कानवाला. अमेरिकेत ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ला सुरू झाली आणि तीन वर्षांत ७९ भाग करून बंदही पडली. आमच्या डोंबिवलीत यान पोचेपर्यंत मध्ये दीडदोन दशकं गेली. शेजारच्या काकांकडे काळा-पांढरा टीव्ही होता. त्याच्यापुढे त्यांनी ती रंगीत प्लास्टिकची काच बसवलेली, वर निळी, मधे नारिंगी, खाली हिरवी. बातम्या वाचणाऱ्या निवेदकापासून परग्रहवासीयांपर्यंत सगळ्यांचं डोकं निळं आणि पाय हिरवे. स्पॉकचं रक्त हिरवं असतं हे पुढे कुठेतरी वाचलं तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

लाल शर्टवाल्यांचा विनोदही आम्हाला फार उशिरा कळला. ज्यांनी ही मालिका रंगीत पाहिली त्यांना ठाऊक असतं की लाल शर्ट घातलेला अनोळखी शिपाई नव्या ग्रहावर उतरला की तो काही परत येत नाही. आमच्या काचेतून सगळेच नारिंगी. कोण मरणार याचा अंदाजच यायचा नाही, त्यामुळे आम्ही प्रत्येकाची काळजी केली. एका अर्थी आमचा फायदाच झाला.

इंग्रजी कळत नव्हतं. काका भाषांतर करायचे, पण ते बँकेत होते, त्यामुळे यानाचा प्रमुख कॅप्टन कर्क दर वेळी कुणाकडून तरी काहीतरी वसूल करायला निघालेला असायचा. कळायचा तो फक्त कानवाला. तो हसत नसे, चिडत नसे, एक भुवई तेवढी वर करी. आम्ही पोरं त्याचे कान बघून फिदीफिदी हसलो तेव्हा आजीने मागून टपली मारली होती. ‘जन्मतःच असतील त्याचे तसे. कुणाच्या व्यंगाला हसू नये.’

आजीइतका समजूतदारपणा त्या अमेरिकन वाहिनीला सुचला नव्हता. हे कान आणि त्या भुवया म्हणजे सैतानच दिसतो, लोक बिचकतील, या भीतीने त्यांनी मालिकेच्या जाहिरातीच्या पुस्तिकेत स्पॉकचे कान रंगवून चक्क गोल करून टाकले होते. पुढे त्याच कानांना पोत्याने पत्रं यायला लागली.

पण मला आज कानांबद्दल नाही, बोटांबद्दल लिहायचंय. तर्जनी आणि मधलं बोट एकत्र, अनामिका आणि करंगळी एकत्र, मधे फट, अंगठा मोकळा. स्पॉकच्या लोकांचा नमस्कार. तो लिहून आला नव्हता. १९६७ साली एका भागात स्पॉक आपल्या ग्रहावर जातो असं होतं, तिथले लोक भेटल्यावर काय करतील असा प्रश्न आला आणि निमॉयने हे सुचवलं. मूळ बॉस्टनमधलं. युक्रेनमधून आलेल्या यहुदी कुटुंबातला हा मुलगा, वडिलांचं केशकर्तनालय. लहानपणी प्रार्थनामंदिरात पुरोहित आशीर्वाद द्यायला उभे राहिले की सगळ्यांनी मान खाली घालायची, बघायचं नाही, असं वडिलांनी बजावलेलं. पोराने हळूच पाहिलं. अंगावर वस्त्र ओढून उभे राहिलेले पुरुष, आणि पुढे केलेले हात असे, बोटं फाकवलेले. ते त्याच्या डोक्यात राहिलं.

हे वाचलं तेव्हा मला आरतीच्या वेळी डोळे मिटायला सांगितलेला मी आठवलो. मीसुद्धा हळूच पाहायचो, पण मोदक किती आहेत ते. म्हणून तो तिथे गेला आणि मी डोंबिवलीत राहिलो.

त्या नमस्काराबरोबरचे शब्द म्हणजे खूप जग आणि तुझी भरभराट होवो. इंग्रजीत ते लोकांना फार भारदस्त वाटतात. आमची आजी पाया पडणाऱ्या प्रत्येकाला, दूधवाल्याच्या पोरालासुद्धा, ‘औक्षवंत हो, सुखी राहा’ म्हणायची, तेव्हा आम्ही लक्षही दिलं नव्हतं.

आता अडचण अशी की माझी ती बोटं होत नाहीत. डावा हात ऐकतो. उजव्याची अनामिका मधल्या बोटाला सोडतच नाही, लग्नात नव्या सुनेने सासूचा पदर धरून ठेवावा तशी. त्या शनिवारी मी आरशासमोर उभा राहून दुसऱ्या हाताने ती ओढून बघितली, पोळपाटावर दाबून बघितली. सोडली की पुन्हा जाग्यावर. यात मी एकटा नाही एवढं समाधान आहे. त्या १९६७च्या भागातल्या वयस्कर अभिनेत्रीलाही ते जमेना, तेव्हा तिने कॅमेऱ्याच्या चौकटीखाली दुसऱ्या हाताने बोटं बसवून मग हात वर केला. आणि २००९च्या सिनेमात नव्या स्पॉकची बोटं डिंकासारखं काहीतरी लावून चिकटवली होती म्हणे. तेवढ्यात आमच्या पाच वर्षांच्या भाचीने मागून येऊन दोन्ही हातांनी एका झटक्यात करून दाखवलं आणि विचारलं, ‘मामा, असं करायचंय का तुला?’

रविवारी संध्याकाळी आम्ही पाचजण टपरीवर जमलो. एरवीही जमतोच, पण या वेळी प्रत्येकाने फोन करून ‘येतोयस ना’ विचारलं होतं. आदल्या दिवशी अर्थसंकल्प झालेला, त्यात सेवाकर चौदा टक्के झालेला, शिवाय पर्थला आपण युएईला १०२ धावांत गुंडाळलेलं. एवढा ऐवज असूनही पहिली पाच मिनिटं कुणी त्यातलं काही काढलं नाही. दुखवट्याला गेल्यावर बसतात तसे बसलो होतो, गुडघ्यांवर हात ठेवून.

मग आमच्यातल्या एकाने सिगारेट पेटवली आणि दुसरा म्हणाला, ‘लेका, तो कशाने गेला माहितीये ना?’ निमॉय फुप्फुसाच्या विकाराने गेला. सिगारेट सोडून तीस वर्षं झाली होती, तरी तिने शेवटी गाठलं. आदल्याच वर्षी त्याने ट्विटरवर ते सरळ सांगून टाकलं होतं, आणि वर स्वतःला सगळ्यांचा आजोबा म्हणवून घेत, पोरांनो आत्ताच सोडा, असं लिहिलं होतं. आमच्या मित्राने सिगारेटकडे पाहिलं. ‘आजोबांनी सांगितलंय म्हणजे सोडायलाच पाहिजे,’ तो म्हणाला, आणि ती शेवटपर्यंत ओढली.

त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेचना. तिकडे त्याच दिवशी अंत्यविधी होता आणि विल्यम शॅटनर, म्हणजे कॅप्टन कर्क, येणार नव्हता. फ्लोरिडात रेडक्रॉसच्या मदतनिधीचा कार्यक्रम होता, तिथे तो गेला होता, मुलींना पाठवतो म्हणाला. यावर टपरीचे दोन तट पडले. मैतीला न येणं ही आपल्याकडे कोर्टात न जाणारी पण पिढ्यान्‌पिढ्या चालणारी केस असते.

‘दोघांच्या जन्मात चार दिवसांचं अंतर रे. मार्च एकतीस, एक बावीसचा, एक सव्वीसचा. आणि मैतीला नाही?’

‘शब्द दिला होता त्याने तिकडे. गरजूंसाठी पैसे जमणार होते. कानवाल्याने काय सांगितलं असतं? जा म्हणूनच सांगितलं असतं.’

‘कानवाल्याने सांगितलं असतं. निमॉयने नसतं सांगितलं.’

यावर सगळे क्षणभर गप्प झाले. मुद्दा बिनतोड होता. निमॉयने १९७५ साली ‘मी स्पॉक नाही’ अशा नावाचं आत्मचरित्र लिहिलं तेव्हा चाहते रुसले होते. वीस वर्षांनी दुसरं लिहिलं, त्याचं नाव ‘मी स्पॉक आहे’. निळू फुल्यांना बघून गावाकडच्या बायका पदर सावरायच्या म्हणतात. इतका सज्जन माणूस, त्यांनी काय करायचं होतं, ‘मी पाटील नाही’ म्हणून पुस्तक लिहायचं?

तिथून गाडी घसरली ती घसरलीच. ‘स्टार वॉर्स’चा नवा सिनेमा डिसेंबरात यायचा होता, त्याच्या झलकेतल्या त्या आडव्या मुठीच्या तलवारीने वापरणाऱ्याचेच हात कापले जातील की नाही, यावर पंधरा मिनिटं. ‘इंटरस्टेलर’ कळला का, यावर दहा, त्यातली आठ ‘कळला’ म्हणणाऱ्याची उलटतपासणी. मग कुणीतरी म्हणालं की आपल्याकडेसुद्धा परग्रहवासी म्हटलं की कानच. ‘पीके’त आमीरचे कान कसे बाहेर आलेले! ‘कोई मिल गया’मधल्या जादूला कान होते का, यावर पैज लागली. फोनवर फोटो शोधले गेले.

आजी गेली तेव्हा घरी बसायला येणारे लोकही असेच करायचे. पहिली दहा मिनिटं आजारपण, शेवटचे शब्द, डॉक्टर काय म्हणाले. मग हळूच कुणाची तरी बदली, आंब्याचा भाव, लोकलचा खोळंबा. आई आतून चहा पाठवायची आणि बाहेरच्या आवाजाने तिला बरं वाटायचं. ते सगळे गेल्यावर मात्र घर खायला उठायचं.

बँकेतला मित्र, त्या शेजारच्या काकांचाच मुलगा, एक बातमी घेऊन आला होता. कॅनडात पाच डॉलरच्या निळ्या नोटेवर त्यांच्या एका जुन्या पंतप्रधानांचं चित्र आहे. लोक पेनने त्याला भुवया आणि कान काढून त्याचा स्पॉक करतात, आणि निमॉय गेल्यावर ते वाढलं. ‘आणि आपल्याकडे नोटेवर काय लिहितात? फोन नंबर आणि हिशेब,’ तो धंद्याच्या कडवटपणाने म्हणाला. मग त्याने दुसरा फोटो दाखवला. अंतराळ स्थानकाच्या खिडकीत टेरी व्हर्ट्‌स या अंतराळवीराने धरलेला हात. बोटं बरोब्बर तशी. खाली पृथ्वी, आणि तेव्हा स्थानक बॉस्टनवरून चाललेलं.

फोन हातोहात फिरला. कुणी काही बोललं नाही. सिगारेटवाल्याने तो चित्र मोठं करून, बोटांच्या फटीतून दिसणारी निळाई बघत बराच वेळ धरून ठेवला. निळं डोकं, मला वाटून गेलं.

निघताना एकाने गाडीला किक मारायच्या आधी हात वर करून ती खूण केली. बाकीच्यांनी केली. मी डावा हात वर केला, मग लाज वाटून उजवा केला आणि डाव्याने अनामिका ओढून धरली.

टपरीवाल्याने स्टोव्हमागून मान वर केली. पाच माणसं, हात वर, बोटं दोन-दोन.

‘चार कटिंग का?’ त्याने विचारलं. मग माझ्या हाताकडे बघत म्हणाला, ‘साहेबांचं काय ते नीट सांगा.’

‘पाच कर,’ सिगारेटवाला म्हणाला, आणि आम्ही पुन्हा बसलो.