रामसुंदचा खडक आणि सोन्यावर बसलेला फाफनीर

स्टॉकहोमहून रेल्वेने एस्किल्स्टूना, तिथून गाडीने सुंडबीहोल्म, मग मेलारेन सरोवराजवळच्या झाडीतून थोडी पायपीट. तिकीट नाही, रांग नाही. कातळावर साधारण पावणेपाच मीटर लांबीचं कोरीवकाम, इ. स. १०३० च्या आसपासचं, रेषा लाल रंगाने भरलेल्या.

ड्रॅगन म्हटलं की पंख आणि आग आठवते. इथला फाफनीर म्हणजे नुसता लांबच लांब साप, अंगभर रून, म्हणजे तिथल्या जुन्या लिपीची अक्षरं. खालून जुन्या स्कँडिनेव्हियन दंतकथांतला वीर सिगुर्ड त्याच्या पोटात तलवार खुपसतोय.

हा फाफनीर मुळात हरेइडमारचा मुलगा. त्याचा भाऊ ओत्र पाणमांजराच्या रूपात मासा खात होता, तेव्हा लोकी या खोडकर देवाने दगड मारून त्याला ठार केलं. बापाने भरपाई मागितली: पाणमांजराचं कातडं सोन्याने झाकायचं. सगळं झाकलं, मिशीचा एक केस उघडा राहिला. तोही झाका, म्हणे! शेवटी आंडवारी बुटक्याकडून हिसकावलेली शापित अंगठी त्यावर ठेवावी लागली. माझ्या मते या कथेतला लोभ त्या केसापासूनच सुरू होतो. पुढे फाफनीरने सोन्यासाठी बापाला मारलं, भाऊ रेगिनला दमडी दिली नाही आणि स्वतः साप होऊन त्या ढिगावर पसरला. गुप्तधनावर नाग होऊन बसलेल्यांच्या गोष्टी आपल्याकडेही आहेत. पण आपला लोभी मेल्यावर नाग होतो. हा जिवंतपणीच झाला.

फाफनीरचं काळीज भाजताना सिगुर्डचं बोट पोळलं, ते त्याने तोंडात घातलं आणि त्याला पाखरांची भाषा कळू लागली. कातळावर तो कढईतली भजी चोरताना पोळलेल्या पोरासारखा दिसतो. रेगिन दगा देणार, हे पाखरांनीच सांगितलं. म्हणून मुंडकं उडालेला रेगिनही आहे, शेजारी त्याची लोहारकामाची हत्यारं. झाडाला ग्रानी घोडा बांधलाय, पाठीवर लहानसं ओझं. एवढ्या खुनांचं सोनं ते एवढंसं!

अक्षरांतला मजकूर मात्र भलताच आहे. आल्रिकची आई, ऑर्मची मुलगी सिग्रिड हिने होल्मगेरच्या आत्म्यासाठी पूल बांधला, अशी ती नोंद. तेव्हा इथे पाणी होतं. जमीन वर येत गेली तसं ते बरंच ओसरलं. लोकांसाठी पैसा खर्चणाऱ्या बाईचं पुण्यकर्म, आणि कोरलंय ते सोनं दाबून बसलेल्याच्या अंगावर! हे मुद्दामच केलं असणार, असा माझा हट्ट. बायकोचं म्हणणं, कारागिराला लिहायला लांब पट्टी हवी होती, साप सोयीचा पडला. एस्किल्स्टूना येईपर्यंत आमचं काही एकमत झालं नाही.