कमावत्या पुरुषाची परंपरा किती जुनी?

माझ्या भाच्याच्या मोबाइलवर दिवसभर कुणीतरी दाढीवाला 'खरा मर्द' कसा असतो ते समजावत असतो. पुरुषाने कमवायचं, बाईने घर बघायचं, हीच म्हणे आपली हजारो वर्षांची रीत. आमच्या घरात ती रीत जेमतेम एक पिढी टिकली, आणि तीही गिरणीने शिकवली.

आजा संगमेश्वराकडून मुंबईत आला आणि कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागला. राहायला लालबागला गावकऱ्यांची खोली, माणसं डझनभर, झोपायचं पाळीपाळीने. जेवण खानावळीत. रविवारी संध्याकाळी खानावळीला खाडा, मग खोलीत स्टोव्ह पेटायचा आणि आजा मटणाचं वाटण करायला बसायचा. झाडू, भांडी, पाणी, सगळ्याच्या पाळ्या ठरलेल्या. शिमग्याला गावी गेला की नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, गवळण व्हायचा, आजीचंच लुगडं नेसून. त्याच्या मर्दपणाबद्दल कुणी शंका घेतल्याचं ऐकिवात नाही.

गावी राब भाजणं (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं), लावणी, कापणी, गुरं हे सगळं आजीवर. नांगराला बाईने हात लावायचा नाही, तेवढ्यापुरता गडी बोलवायचा. मनीऑर्डर यायची ती दुकानदाराच्या उधारीत जिरायची. वर्षाचं भात शेतातलं. तरी सातबारा आज्याच्याच नावावर, त्यामुळे जुन्याचे गोडवे मी गाणार नाही. पण घर तो एकटा पोसतो असं कुणी मानत नव्हतं, तो स्वतःसुद्धा नाही.

गिरणीही तेव्हा निव्वळ पुरुषांची नव्हती. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. वाइंडिंग-रीलिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत, तर बायकांचाच भरणा, वर देखरेखीला नायकीण. पुढे पाळ्या वाढल्या, आणि रात्री बायकांना कामावर ठेवायला कायद्याने बंदी. १९२९मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, त्याचा खर्च मालकाच्या माथी. त्यात नवी यंत्रं आली. मालकांनी बायका कमी करत नेल्या, आणि पगारवाढीच्या मागणीतही 'बायकापोरं पोसणारा कामगार'च पुढे आला. वडील गिरणीत लागले तोवर त्यांच्या खात्यात सगळे बाप्येच होते. त्यांनी आईला मुंबईला आणलं. शेतात राबणारी बाई दहा बाय बाराच्या खोलीत 'घरी असते' झाली. वडिलांना त्याचा केवढा अभिमान!

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. काही महिन्यांत घरातलं किडूकमिडूक संपलं आणि आई डबे करायला लागली. गिरणगावात हा धंदा बायकांचाच होता. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आईने शेजारच्या खानावळवाल्या मावशींकडची जास्तीची गिऱ्हाइकं घेतली.

वडील आईला मदत करायचे. लसूण सोलायचे, कांदा चिरायचे, पण दार लावून. चाळीत दिवसाढवळ्या दार लावलेलं असणं हीच केवढी बातमी! कुणी हाक मारली की ताट कॉटखाली सरकवायचं, हात पुसायचे, मग कडी काढायची. हात पुसून लसणाचा वास जातो थोडाच. पण शेजारचेही संपावरच, ते काही बोलत नसत. त्यांच्या घरात काय चाललं असेल ते त्यांनाच ठाऊक.

वाटण आज्याने डझनभर पुरुषांत उघड्या दाराने केलं. तेच काम त्याच्या मुलाला लपवावंसं वाटलं, कारण मधल्या काळात गिरणीने त्याला 'घरचा कमावता' हे पद दिलं होतं आणि आता ते काढून घेतलं होतं. कामाची लाज त्याला नव्हतीच. बायकोच्या हाताखाली बसलोय हे दिसायला नको होतं. संपात नुसता पगार गेला असता तर माणसं सावरली असती असं मला वाटतं. इथे माणसाकडे पगाराखेरीज दुसरी ओळखच उरली नव्हती.

भाच्याला हे सांगितलं. तो माझ्या आईबद्दल म्हणाला, "मामा, पण आजी तर कधी नोकरी करत नव्हती ना?" माझ्या शाळेच्या फॉर्मवरही तेच लिहिलेलं आहे. वडिलांचा व्यवसाय: गिरणी कामगार. आईचा: काही नाही. साल १९८४, आणि फी डब्यांच्या पैशातली.