दुधाळ पाण्याची नोंदवही: दिवस १ ते १७

दिवस १

माझ्या पोहण्याच्या टाकीच्या तळाच्या जाळीला चार स्क्रू आहेत. पाणी किती नितळ आहे हे मी त्यांच्यावरून मोजतो. वरून चारही दिसले तर उत्तम, दोन दिसले तर लक्ष द्यायची वेळ. आज एकही नाही. खोल बाजूला एक काळपट डाग दिसतो, ती जाळी असावी असं धरून चालायचं. पाणी हिरवं नाही, वास नाही, भिंती बुळबुळीत नाहीत. फक्त कुणीतरी बादलीभर ताक ओतल्यासारखं दिसतंय.

टाकी आठ मीटर लांब, चार रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४०,००० लिटर. सँड फिल्टर, म्हणजे वाळूचा. अकरा आठवडे आठवड्याला तीन ट्रायक्लोरच्या (क्लोरीन सोडणाऱ्या) गोळ्या, प्रत्येकी २०० ग्रॅमच्या. पिवळ्या रंगाच्या थेंबांचं किट क्लोरीन ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन) दाखवतंय, पीएच ७.४. म्हणजे कागदावर सगळं ठणठणीत.

गेल्या दहा दिवसांत काय काय केलं तेही लिहून टाकतो, लपवण्यात अर्थ नाही. क्लॅरिफायरची, म्हणजे पाणी नितळ करायच्या औषधाची बाटली दोनदा ओतली आणि रोज बॅकवॉश केला, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुतला. फरक शून्य.

दिवस २

आधी चुन्याची शंका फेडून घेतली. काचेच्या ग्लासात टाकीचं पाणी घेऊन त्यात ॲसिडचे चार-पाच थेंब टाकले. कॅल्शियम कार्बोनेटचा साका असता तर पाणी तिथल्या तिथे निवळलं असतं. नाही निवळलं. चुना सुटला.

मग थेंब मोजायचं किट उघडलं. पिवळ्या रंगाचं किट एकूण क्लोरीन सांगतं, त्यातलं मोकळं किती आणि घाणीशी बांधलं गेलेलं किती हे सांगत नाही. या किटमध्ये पावडर टाकली की पाणी गुलाबी होतं आणि रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. मोकळं क्लोरीन २, बांधलेलं १. बांधलेलं ०.५ च्या वर गेलं की पाण्यात काहीतरी क्लोरीन खात बसलंय असं समजावं.

आणि मग स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड. नळीतला काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत पाणी ओतायचं ती चाचणी. उन्हाकडे पाठ करून, नळी स्वतःच्या सावलीत, कमरेच्या उंचीवर धरून तीनदा केली. तिन्ही वेळा ९० च्या आसपास.

हिशोब मांडला आणि कपाळावर हात मारला. माझ्या टाकीत एक गोळी साधारण ४.५ पीपीएम क्लोरीन देते आणि सोबत २.८ पीपीएम सायन्युरिक ॲसिड ठेवून जाते. क्लोरीन उडून जातं, हे उडत नाही. आठवड्याला तीन गोळ्या म्हणजे ८.४. अकरा आठवड्यांचे ९२. किट बरोबर होतं, गोळ्याही बरोबर होत्या, बेरीज मी केली नव्हती.

स्टॅबिलायझर क्लोरीनला उन्हापासून वाचवतं ते त्याला धरून ठेवूनच. थोडं असेल तर छत्री, फार झालं तर बेडी. ओब्रायन, मॉरिस आणि बटलर यांनी १९७४ साली या समतोलाचे स्थिरांक प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे गणित उपलब्ध आहे. तरी गोळ्यांच्या डब्यावर मात्र ‘१ ते ३ पीपीएम ठेवा’ एवढंच. कामचलाऊ नियम असा: मोकळं क्लोरीन स्टॅबिलायझरच्या किमान साडेसात टक्के हवं. ९० ला ६.७५ हवं होतं, मी २ वर समाधानी होतो. शेवाळ हिरवं दिसण्याइतकं वाढत नव्हतं आणि मरतही नव्हतं.

दिवस ३ आणि ४

स्टॅबिलायझर कमी करायचा भरवशाचा मार्ग एकच, पाणी काढणं. तसंच ठेवून शॉक द्यायचा, म्हणजे शेवाळ मारायला क्लोरीन एकदम चढवायचं, तर स्टॅबिलायझरच्या ४० टक्के या नियमाने ३६ पीपीएम लागलं असतं, आणि ते दिवसेंदिवस टिकवायचं. त्यापेक्षा अर्धी टाकी बदललेली परवडली.

इथे एक बारकावा. एका बाजूने काढत आणि दुसऱ्या बाजूने भरत राहिलं तर नवं पाणीही निघून जातं, आणि अर्ध्या टाकीइतकं पाणी बदलूनही जुन्यातलं साधारण ६१ टक्के उरतं. आधी काढून मग भरलं तर ५०. म्हणून आधी काढलं. पूर्ण रिकामी मात्र करू नये. जमिनीखालचं पाणी वर असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाऊ शकते.

भरल्यावर: सायन्युरिक ४५, अल्कलिनिटी (पीएच सांभाळून धरायची पाण्याची ताकद) ७०, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) २६०. ट्रायक्लोर आम्लधर्मी असल्याने त्याने अल्कलिनिटी आधीच ५० वर आणून ठेवली होती, नव्या पाण्याने ती सावरली. बेकिंग सोडा घालायचा हात आवरला, त्याचं नंतर बघू.

दिवस ५

संध्याकाळी ॲसिडने पीएच ७.२ वर आणला. हे शॉकच्या आधीच करायचं, कारण क्लोरीन १० च्या वर गेलं की पीएचचे थेंब जांभळट रंग दाखवून फसवतात. मग तासभर पंप चालवला आणि लिक्विड क्लोरीन. १० टक्क्यांच्या द्रावणाचे ४०० मिली माझ्या टाकीत १ पीपीएम वाढवतात. लक्ष्य १८, हाती १, म्हणून ६.८ लिटर. पाण्याच्या परतीच्या धारेपाशी हळूहळू. ॲसिडची बाटली आणि क्लोरीनचा कॅन माझ्याकडे वेगवेगळ्या कोपऱ्यांत असतात. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, त्यात थोडं-फार असं काही नसतं.

अर्ध्या तासाने घाईत जुनं रंग जुळवायचं डीपीडी किट वापरलं. पाणी क्षणभर गुलाबी झालं आणि पांढरं. शून्य! पावणेसात लिटर गेले कुठे? पाच मिनिटं मी खरंच टाकीला तडा शोधत फिरलो. मग आठवलं, क्लोरीन फार जास्त असलं की ते चाचणीचा रंगच उडवून टाकतं. थेंबांच्या किटमध्ये पावडर जास्त टाकून बघितलं: १६.

रात्री १८ पर्यंत चढवलं.

दिवस ६ ते ९

या चार दिवसांत लिहिण्यासारखं एकच. बाकी सगळं ब्रश मारणं, मोजणं, ओतणं.

खरी परीक्षा रात्रीची असते. सूर्य मावळल्यावर मोजायचं, उगवायच्या आधी मोजायचं. रात्रीत ऊन नसतं, म्हणजे जे क्लोरीन कमी झालं ते कुणीतरी खाल्लं. पहिली रात्र: १८ चे १४. दुसरी: १८ चे १६. तिसरी: पुन्हा १६. चौथ्या सकाळीही १६ दिसलं तेव्हा चरफडलो. काहीतरी कुठेतरी दडून बसलं होतं.

पाण्याखालच्या दिव्याची चौकट सोडवली. मागे बोटभर जाडीचा, शेंबडासारखा हिरवा थर. वीज आधी बंद केली होती, हे सांगायला नको, तरी सांगतो. शिडीच्या पायांच्या पोकळ नळ्यांतूनही तेच निघालं. घासून काढलं आणि दिवा एक रात्र काठावरच ठेवला.

दिवस १०

रात्रीत १८ चे १७.५. बांधलेलं क्लोरीन ०.५ च्या आत. शेवाळ संपलं. एकूण २६ लिटर गेलं.

पाणी? अजून दुधाळ, फक्त आता निळसर दुधाळ. रसायनांचं काम संपलंय, आता जे तरंगतंय तो मेलेल्या शेवाळाचा भुगा आहे आणि तो फिल्टरनेच उचलायचा.

दिवस ११ ते १५

पंप चोवीस तास. आणि बॅकवॉश बंद. रोज बॅकवॉश ही माझी सगळ्यात जुनी खोड होती. वाळू थोडी मळली की तिच्या फटी लहान होतात आणि बारीक कण जास्त अडकतात. रोज धुऊन मी रोज तिला पुन्हा आंधळी करत होतो. स्वच्छ फिल्टरचा दाब १२ पीएसआय, म्हणून १५ झाल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरवलं. पाच दिवसांत दोनदाच धुतला.

तुरटीचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. तुरटीने भुगा एका रात्रीत तळाला बसतो हे खरं. पण फिल्टरला वळसा देऊन पाणी फिरवा, पीएच धरून ठेवा, सकाळी गाळ न ढवळता व्हॅक्यूमने थेट बाहेर टाका आणि गेलेलं पाणी परत भरा. आत्ताच तर अर्धी टाकी भरली होती. घाई असलेल्यांनी जरूर वापरावी. मला नव्हती.

तेराव्या दिवशी जाळीची कड. पंधराव्या दिवशी जाळीची भोकं.

दिवस १६

क्लोरीन उतरू दिलं, आता ५. रोज दुपारपर्यंत सुमारे २ उडतं, म्हणून रोज संध्याकाळी ८०० मिली. गोळ्यांचा डबा कोरडा, घट्ट झाकून ठेवलाय. बाहेरगावी जाताना आठवडाभर चालतील, त्याचे ८.४ वहीत लिहून. अल्कलिनिटी ७० वरच आहे आणि पीएच दोन दिवसांत ०.१ सुद्धा चढला नाही, तेव्हा सोड्याची पिशवी तशीच बंद.

दिवस १७

सकाळी वारा नव्हता. काठावरून वाकून बघितलं तर जाळी लख्ख, भोकं मोजता येतील इतकी. स्क्रू मोजले. एक, दोन, तीन.

चौथा नाहीच. जागा रिकामी आहे आणि जाळीचा तो कोपरा किंचित उचललेला आहे. किती दिवस तसा आहे कोण जाणे. पंप बंद केलाय, नवा स्क्रू बसून जाळी हाताने ओढून बघेपर्यंत कुणीही पाण्यात उतरायचं नाही.